दोन्हीकडून वजा

परळीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, शंकरप्पा शेट्यांचं तेल-पेंडीचं दुकान कुठं आहे असं विचारलं, की लोक विचारायचे, "म्हणजे डॉक्टरांचं?" डॉक्टर अजून कोणी झालेलं नव्हतं. होणार होतं. पण ही होणारी गोष्ट शंकरप्पांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली होती, की मोंढ्यानं ती झाली असंच धरून टाकलं होतं. एकदा तर एक हमाल खोकल्याचं औषध मागायला थेट घरी आला. संगमेश्वर सरांनी त्याला चहा पाजला, आपलं डॉक्टर होणं वेगळं आहे हे समजावलं, आणि रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पाठवून दिलं.

संगमेश्वर सर हे शंकरप्पांचे एकुलते एक चिरंजीव, वय वर्षं एक्कावन्न. गावातल्याच एका कॉलेजात गणित शिकवायचे. माणूस सज्जन, बोलणं हळू, पण समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून न घेता मान डोलावायची खोड. सकाळी इष्टलिंगाची पूजा, मग स्कूटरच्या सीटवरची थर्मल वीजकेंद्राची राख फडक्यानं झटकणं, मग कॉलेज, आणि संध्याकाळी तासभर दुकान. पीएच.डी. नऊ वर्षं चालली होती. त्यातली दोन वर्षं करोनात गेली, एक बायकोच्या ऑपरेशनात, आणि एक, खरं सांगायचं तर, नुसत्या कंटाळ्यात.

शंकरप्पा त्र्याऐंशीचे. छातीत पेसमेकर बसवलेला, गुडघे कामातून गेलेले, शाळा चौथीपर्यंत. त्यांची इच्छा एकच उरली होती. नातीच्या लग्नाच्या पत्रिकेत आपल्या पोराच्या नावाआधी 'डॉ.' छापलेलं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. प्रबंध कशावर आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. कोणी विचारलंच तर "लई अवघड हाय" एवढं सांगून ते विषय संपवत. खरं तर घरात कोणीच विचारलं नव्हतं. सरांच्या पत्नी गंगासागरबाई प्रबंधाचे गठ्ठे आवरून ठेवायच्या, त्यांच्यावर कधी भाजीची पिशवी ठेवू द्यायच्या नाहीत, पण आत काय आहे याची त्यांना फारशी उत्सुकता नव्हती.

आत काय होतं ते सांगायचं तर आधी दुकानात जावं लागेल. शंकरप्पांकडं सुटं गोडेतेल मिळायचं, आणि गिऱ्हाईक आपापलं भांडं घेऊन यायचं. कोणाची किटली, कोणाचा डबा, कोणाची कान तुटलेली बरणी. भांड्याचं वजन तेलात धरायचं नाही, म्हणून आधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवायचं आणि दुसऱ्या पारड्यात खडे, नट-बोल्ट, लोखंडाचे तुकडे टाकत काटा सरळ करायचा. याला धडा करणं म्हणतात. मग भांड्यात तेल आणि खड्यांशेजारी मापं. काटा पुन्हा सरळ झाला, की तेल आणि मापं सारखी. "भांडं दोन्हीकडून वजा," असं शंकरप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे, जणू मंत्र म्हणून पुडी बांधून देताहेत. संगमेश्वर सर सहा वर्षांचे असल्यापासून धडा करत आले होते. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट असेल तर ती काढून टाकावी आणि उरलेलं सारखंच असतं, ही गोष्ट त्यांना शिकल्यासारखी वाटतच नव्हती.

मोठेपणी ते गणितात ज्या भागात जाऊन पडले त्याचं नाव व्हेक्टर बंडल. वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक काडी उभी केली तर बांगडीसारखं काहीतरी तयार होतं. पण काड्या हळूहळू कलंडत नेल्या आणि शेवटची काडी उलटी होऊन पहिलीला भेटली, तर पीळ पडलेला पट्टा तयार होतो. दोन्ही बंडलंच, एक सरळ आणि एक पिळाचं. काड्यांच्या जागी सपाट प्रतलं घेता येतात, वर्तुळाच्या जागी चेंडू घेता येतो, आणि एका बंडलात दुसरं मिळवता येतं. आता कुठलं बंडल कशाच्या बरोबरीचं, हे ठरवण्याची एक रीत आहे, तिला के-थिअरी म्हणतात. दोन बंडलांत एकच तिसरं मिळवल्यावर ती सारखी झाली, तर ती दोन्ही सारखीच मानायची, असा तिचा कारभार. एम.एस्सी.ला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाकीची मुलं डोकं धरून बसली होती आणि संगमेश्वर शेटेंना मोंढ्यात आल्यासारखं वाटलं होतं.

पुढं हाच विषय ऑपरेटर अल्जिब्रा नावाच्या मुलखात जातो. तिथं जागा दिसेनाशी होते, चेंडू नाही आणि वर्तुळ नाही, फक्त त्यांच्यावर करायची गणितं तेवढी उरतात. सरांचा प्रबंध त्या मुलखातला. तिथल्या एका विशिष्ट घराण्यात के-थिअरी ज्यांना सारखं मानते ते खरोखरच सारखे असतात, असं त्यांचं मुख्य प्रमेय. चार प्रकरणं, एकशे बारा पानं. प्रमेयाची सिद्धता एकाहत्तराव्या पानावर एका ओळीशी वळण घेत होती आणि त्या ओळीत लिहिलं होतं, दोन्हीकडून समान भाग वजा करून.

प्रबंध जमा झाला, दोन परीक्षकांचे चांगले अहवाल आले, तोंडी परीक्षेची तारीख पडायची होती. त्या आनंदात सरांनी शनिवारच्या तासाला एम.एस्सी.च्या मुलांना आपलं चौथं प्रकरणच शिकवायला घेतलं. वर्गात नऊ जण. त्यात धर्मापुरीची उज्ज्वला होती, मेंढरं आणि गुरं राखणाऱ्या घरातली, खालच्या मानेनं सगळं उतरवून घेणारी. त्या ओळीपाशी आल्यावर तिनं हात वर केला आणि विचारलं की दोन्हीकडचं सारखं काढलं तर उरलेलं सारखंच राहतं हे कशावरून. सर हसले. तराजू कधी बघितलाय का, असं त्यांनी विचारलं. वर्ग हसला. पण उज्ज्वला बसली नाही.

"सर, आमच्यात दोन कळप असतात, तेवढ्याच आकड्याचे," ती म्हणाली. "दोन्हींत एकेकदा तिसरा कळप मिसळून परत मोजून काढला, तर आकडा जुळतो. पण कोकरं आईला सापडत नाहीत. आकडा तोच, कळप तो नाही."

सरांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही. मग म्हणाले की हे गणित आहे, इथं मेंढरं आणू नयेत, आणि आधी पुस्तक नीट वाचावं. आवाज चढला नव्हता, पण जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले. पुढच्या शनिवारी उज्ज्वला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सरांच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही, कारण तोवर तारीख पडली होती.

दीड महिन्यानं, परीक्षेच्या पाच दिवस आधी, संध्याकाळी सर दुकानात होते. उज्ज्वलाचे वडील बिभीषण पेंड न्यायला आले होते. बाहेर त्यांच्या टेम्पोत एक गोऱ्हा बांधलेला होता, वडवणीच्या बाजारात न्यायचा. मोंढ्यातला नाथा नावाचा एक हौशी माणूस गोऱ्ह्याच्या अंगावरून हात फिरवून भोवरा शोधत होता. जनावराच्या अंगावरचे केस जिथं गोल फिरतात तो भोवरा. तो कुठं आहे यावरून लोक शुभ-अशुभ ठरवतात आणि सौदे मोडतात. नाथाला बिनभोवऱ्याचा गोऱ्हा हवा होता.

"असं जनावर मी तर न्हाई बगितलं," बिभीषण पोतं उचलता उचलता म्हणाले. "केस सगळ्या अंगावरनं वळत वळत जायचे म्हनल्यावर कुठंतरी त्यास्नी गोल फिरावंच लागतंय. कपाळावर न्हाई तर पाठीवर. भोवरा टळत न्हाई."

मग त्यांनी सहज सांगितलं की उज्ज्वला आता कॉलेजला जात नाही म्हणते, आपलं डोकं त्या कामाचं नाही असं तिला वाटतंय. सरांच्या हातात कोणाची तरी बरणी होती, ती त्यांनी पारड्यात ठेवली आणि तशीच ठेवून दिली. चेंडूवर केस विंचरले तर कुठंतरी भोवरा पडतोच, हे प्रमेय ते दरवर्षी शिकवत होते. त्याच आधारावर, चेंडूवर टेकलेल्या प्रतलांचं बंडल सरळ नाही, पण त्यात बाहेर रोखलेल्या काड्या मिळवल्या की सगळं सरळ होतं, हेही शिकवत होते. म्हणजे दोन्हीकडून सारख्या काड्या काढल्या तर उरलेलं सारखं नसतं. वीस वर्षं एका वर्गात हे शिकवायचं आणि घरी बसून प्रबंधात दोन्हीकडून वजा करायचं, हे त्यांच्या हातून झालं होतं. डोक्याला जे ठाऊक होतं ते हाताला ठाऊक नव्हतं, आणि हात फार आधीपासून कामाला लागलेला होता.

घरी जाऊन त्यांनी एकाहत्तरावं पान काढलं. प्रमेय खोटं ठरत नव्हतं, पण त्याच्या खाली आधार उरला नव्हता. खरं असेल, खोटं असेल, आता काहीच सांगता येत नव्हतं. त्यांनी मार्गदर्शकांना फोन लावला. विजयसिंह सर त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होते, माणूस मनमिळाऊ आणि व्यवहारी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की परीक्षा होऊन जाऊ द्या, नंतर शोधनिबंध छापताना दुरुस्त करू, दोन्ही परीक्षकांना दिसलेलं नाही, तुम्हीच कशाला दाखवता. यात लबाडी नव्हती. नऊ वर्षं एका माणसाला ताटकळताना बघून आलेली कणव होती.

सरांनी हे गंगासागरबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की दुरुस्त करायला किती दिवस लागतील. सर म्हणाले, दोन वर्षं, झालं तर. बाईंनी आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथं शंकरप्पा औषधाच्या गोळ्या हातावर घेऊन मोजत होते. "मग तुम्ही गप्प बसा," त्या म्हणाल्या. सरांनी गप्प बसायचं ठरवलं. हे लिहायलाच हवं, कारण पुढं मोंढ्यात ही गोष्ट ज्या रीतीनं सांगितली गेली त्यात ते फार थोर निघाले. खरी गोष्ट अशी की पाच दिवस ते गप्प बसायच्या विचारावर पक्के होते, आणि त्या विचारानं त्यांना झोपही लागत होती.

परीक्षा विद्यापीठातल्या एका लांबट खोलीत झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, बारीक आवाजाचे, आणि वाईट असं, की त्यांनी प्रबंध मन लावून वाचला होता. सरांनी अर्धा तास मांडणी केली. मग परीक्षकांनी पान उघडलं आणि म्हणाले की सगळ्यात त्यांना काय आवडलं असेल तर ही एकाहत्तराव्या पानावरची एक ओळ. इतरांनी जिथं दहा पानं खर्ची घातली असती, तिथं तुम्ही एका ओळीत पलीकडं गेलात.

चूक झाकून ठेवणं सरांना जमलं असतं. तिचं कौतुक मात्र त्यांच्या गळ्याखाली उतरेना. त्यांना सगळ्यात आधी आठवलं ते उज्ज्वलाचं वर केलेला हात हळूच खाली घेणं. त्यांना स्वतःची शरम वाटली, उघडी-नागडी शरम.

"सर, ती ओळ चूक आहे," ते म्हणाले.

विजयसिंह सरांनी डोळे मिटले. संगमेश्वर सर उठून फळ्यापाशी गेले, एक चेंडू काढला, त्यावर टेकलेली प्रतलं काढली, बाहेर रोखलेल्या काड्या काढल्या, आणि चार मिनिटांत आपलं नऊ वर्षांचं काम सगळ्यांसमोर मोडून दाखवलं. परीक्षकांनी पाणी मागितलं. मग म्हणाले की ही ओळ मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा थांबलो नाही. तुम्हाला कधी दिसलं?

"मला नाही दिसलं. माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं. मी तिला खाली बसवलं."

निकाल असा लागला की प्रबंध परत. चौथं प्रकरण नव्यानं लिहायचं, पुन्हा दोन परीक्षक, पुन्हा अहवाल, पुन्हा परीक्षा. परीक्षकांनी निरोप घेताना सरांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, पण त्याचा शिक्का कुठं उमटत नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर परळीच्या स्टँडवर उतरून दुकानात आले. रात्रभर त्यांनी घरचा फोन उचलला नव्हता, आणि शंकरप्पांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीचा काढला होता. शेजारपाजारचे दहा-बारा व्यापारी जमले होते, शाल होती, नारळ होता, पेढ्यांचा पुडा सोडून ठेवलेला होता. शंकरप्पा भिंतीला धरून उभे राहिले. झालं का, म्हणून त्यांनी विचारलं.

"न्हाई झालं, अप्पा."

"त्यांनी न्हाई म्हनलं?"

"त्यांनी हो म्हनलं हुतं. म्याच न्हाई म्हनलो. चूक सापडली."

शंकरप्पा खाली बसले. पेढे वाटून टाका, वाया जातील, असं ते कोणाला तरी म्हणाले. लोकांनी पेढे घेतले आणि काय तोंड करावं ते न कळून हळूहळू पांगले. त्यानंतर आठ दिवस शंकरप्पा पोराशी बोलले नाहीत. जेवणाच्या पाटावरसुद्धा मीठ हवं असलं तर ते सुनेला सांगायचे. राग असता तर सरांनी सोसला असता. पण अप्पा खचले होते, आणि आपण त्यांच्याकडून काय काढून घेतलं हे सरांना रोज समोर दिसत होतं. एकदा स्कूटर पुसताना त्यांना रडू आलं.

रविवारी ते धर्मापुरीला गेले. देवळाच्या पुढच्या आळीत बिभीषणांचं घर. उज्ज्वला हौदात पाणी सोडत होती. सरांनी पायातल्या वहाणा काढायच्या आधीच तिला सांगितलं की तू बरोबर होतीस आणि मी चुकलो, आणि मी तुला हे सगळ्यांसमोर सांगणार आहे कारण बोललोही सगळ्यांसमोर होतो.

तिनं नळ बंद केला. "सर, मला वाटलं माझंच चुकतंय," ती म्हणाली. "मी दोन महिने ते कसं बरोबर आहे तेच सिद्ध करत होते. होतच नव्हतं."

हे ऐकणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. सरांनी तिची वही मागितली. बत्तीस पानं भरली होती, आणि तेविसाव्या पानावर, खोडाखोडीच्या मधे, कुठल्या अटी असल्या तर वजा करता येईल याची एक यादी होती. त्यातल्या दोन अटी सरांच्या डोक्यात कधी आल्या नव्हत्या. चहा येईपर्यंत दोघं ओट्यावर बसून त्या यादीवरून वाद घालत होते, आणि या वेळी सर तिचं म्हणणं वाक्य संपेपर्यंत ऐकत होते. शनिवारी ती वर्गात आली, आणि सरांनी तास त्याच कबुलीनं सुरू केला.

इकडं बिभीषण पेंड न्यायला आले तेव्हा त्यांनी शंकरप्पांना मोठ्या अपूर्वाईनं सांगितलं की तुमचे सर माझ्या दारात येऊन पोरीपुढं चूक कबूल करून गेले. शंकरप्पांनी ऐकून घेतलं. दुपारी सर घरी आले तसा त्यांनी नऊ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कसली चूक काढली रं त्या पोरीनं?"

सर उभेच राहिले. सांगायला कुठून सुरुवात करावी हे त्यांना कळेना, कारण या घरात त्यांना हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. मग त्यांनी टोपलीतली एक मोसंबी घेतली, गंगासागरबाईंकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि मोसंबीभर टिकल्या चिकटवल्या. प्रत्येक टिकलीच्या मधोमध आगपेटीची एक काडी बाहेर रोखून खोचली. मोसंबीची साळिंदर झाली. सरांनी सांगितलं की टिकली म्हणजे त्या ठिकाणची सपाट जमीन, काडी म्हणजे बाहेरची दिशा. दोन्ही मिळून कुठंही घ्या, तेच होतं. पूर्व, उत्तर आणि वर, या खोलीच्या तीन दिशा. म्हणजे टिकली अन् काडी मिळून सगळीकडं सरळ.

शंकरप्पा पुढं सरकले. "अन् टिकली सरळच असती तर?"

"तर सरळ टिकली अन् काडी मिळूनबी तेच झालं असतं."

"मंग काड्या दोन्हीकडून वजा. टिकल्या सारख्याच. चूक कुठं हाय?"

"टिकल्या सरळ असतील तर परतेक टिकलीवर एक बाण काढता येईल, अप्पा. शेजारशेजारचे बाण एकमेकाला धरून, कुठं एकदम उलटे फिरता कामा नयेत. काढून दावा."

शंकरप्पांनी काड्या उपटल्या, सुनेकडून बॉलपेन मागितलं आणि बाण काढायला बसले. वरच्या अंगानं छान जमलं. मधोमध जमलं. खाली जाऊन बाण एकमेकांभोवती गोल फिरायला लागले. त्यांनी दुसरी मोसंबी घेतली आणि खालून सुरुवात केली. संध्याकाळी ते दुकानात गेले तेव्हा टिकल्यांची तीन पाकिटं त्यांच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी नाथाला बाजारात पाठवून त्यांनी दोन किलो मोसंबी आणवली. गिऱ्हाइकांना तेल मिळेना. "थांब जरा, इथं बगू दे," म्हणून ते लोकांना ताटकळत ठेवायचे आणि बाण काढायचे. आयुष्यभर ज्यांनी काटा सरळ केल्याशिवाय कोणाला सोडलं नाही, त्यांना ही मोसंबी हार जाईना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सरांना हाक मारली. गादीवर चौदा मोसंब्या ओळीनं मांडलेल्या होत्या, काही सुकत चाललेल्या. प्रत्येकीवर कुठं ना कुठं भोवरा होता.

"न्हाई जमत," शंकरप्पा म्हणाले.

"कुनालाच न्हाई जमत, अप्पा. जमनार न्हाई हे सिद्ध केलेलं हाय."

"हे पैल्या दिवशी कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी ऐकलं असतं?"

शंकरप्पा हसले, पोटातून हसले, आणि मग हसता हसता थांबले. एक मोसंबी हातात घेऊन ते तिच्यावरचा भोवरा अंगठ्यानं चाचपत राहिले. "म्हंजी दोन्हीकडून वजा केलं, ते तुला मी शिकवलेलं," ते म्हणाले. सरांनी घाईनं सांगितलं की तेलाला ते बरोबरच आहे, तेलाला ते कधी चुकायचं नाही. अप्पांनी मान हलवली. ती समजूत त्यांना पुरली की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"तू डॉक्टर झालेला बगायला मी असंन का न्हाई, काय ठाव," ते मोसंबी खाली ठेवत म्हणाले. "दोन वर्सं लई हायती मला. पर नऊ वर्सं मी लोकांना पोरगा काय होनार तेवढंच सांगत हिंडलो. पोरगा करतो काय, हे मला ठावच नव्हतं बग. ते आता ठाव झालं."

सर अप्पांच्या शेजारी गादीवर बसून राहिले आणि बाहेर मोंढ्यात हमाल पोती उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले तेव्हा तेलाला आलेल्या कडूबाई नावाच्या एका म्हातारीपुढं शंकरप्पा मोसंबी धरून बसले होते आणि तिला टिकली म्हणजे काय ते सांगत होते. तिची किटली पारड्यात रिकामीच होती, आणि म्हातारी मन लावून ऐकत होती.